नुसती वाफ

आमच्या घरात दिवस उजाडतो तो पाण्याच्या पातेल्यावर. आधी पाणी गाळायचं, मग तीन उकाळे येऊ द्यायचे, मग परातीत निववायला ठेवायचं. माहेरी अमळनेरला आई हेच करायची, लग्न होऊन बारडोलीला आले तर सासूबाईंचंही तेच. म्हणजे पन्नास वर्षं मी रोज वाफ बघते आहे. पण ती मला कळली गेल्या श्रावणात.

पाहुणे यायचे होते. सूनबाईनं खमण उकडायला ठेवलं होतं. मी बाहेरून दोनदा "झालं का गं?" म्हणून हाक मारली. तिनं घाईनं झाकण स्वतःकडे उचललं आणि मनगट भाजलं. ती कळवळली. मी काय म्हणावं? "अगं, नुसती वाफ तर लागली! पाणी थोडंच सांडलं?" वर तूप चोळलं आणि वाढायला घेतलं. संध्याकाळी मनगटभर फोड.

माझे दीर साखर कारखान्यात बॉयलरवर होते. रात्री ते म्हणाले, "वहिनी, वाफ पाण्यापेक्षा वाईट भाजते." मला पटेना. दोन्ही शंभर अंशच ना? तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540. ही उष्णता थर्मामीटरला दिसत नाही, काटा शंभरावरच राहतो. वाफेच्या पोटात ती लपलेली असते. वाफ थंड कातडीवर बसून पुन्हा पाणी झाली, की सगळी तिथंच सोडते.

दुसरी गोष्ट तर मी रोज बघूनही पाहिली नव्हती. किटलीच्या चोचीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यापुढे पांढरा ढग. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. ती हवेसारखीच, दिसत नाही. पांढरं दिसतं ते वाफ निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब.

या लपलेल्या उष्णतेवरच आपल्या बारडोलीची साखर होते. उसाची चिपाडं जाळून बॉयलरमध्ये दाबाखालची वाफ करतात. ती टर्बाइन फिरवते, वीज देते आणि मग उरलेली वाफ रस आटवायला जाते. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणून रस शंभराच्या खालीच उकळतो. एकच उष्णता किती जणांच्या कामी येते!

आता आमच्याकडे झाकण पलीकडच्या बाजूनं उचलतात, म्हणजे वाफ आपल्यापासून लांब जाते. भाजलंच तर तूप नाही, हळद नाही. वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली हात.

पण सूनबाईचा फोड बसला तरी माझं वाक्य तिच्या मनात बसून होतं. ती बोलली नाही, चेहऱ्यावरही काही दिसलं नाही. संवत्सरीला सगळ्यांना म्हणतो तसं तिला "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले आणि थांबले. मग म्हटलं, "त्या दिवशीच्या 'नुसती वाफ'बद्दल."

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आई, मला वाटलं, तुम्ही विसरलात."