आंबटाचे पथ्य

आपल्याकडे रोगाचे निदान डॉक्टर करतात. पथ्य मात्र घर ठरविते. औषधाच्या चिठ्ठीवरील अक्षर वेदवाक्य मानणारी माणसे पथ्याच्या बाबतीत डॉक्टरांचेही ऐकत नाहीत. कारण पथ्य ही स्वयंपाकघराची मिरास आहे, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या निवाड्यावर अपील नाही. खोकला झाला की केळे बंद, पोट बिघडले की दूध बंद, आणि सांधा धरला की आंबट बंद. यांपैकी तिसऱ्या निवाड्याची शिक्षा मी सहा वर्षे भोगली.

मला गाऊट आहे. ज्यांना तो झालेला नाही त्यांना त्याची कल्पना देणे कठीण. दिवसभर चांगला हिंडलेला मनुष्य रात्री निजतो, आणि पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी कोणी निखारा ठेवावा तसा उत्तररात्री जागा होतो; मग अंगावरची चादरसुद्धा त्या अंगठ्याला सोसत नाही. इंग्लंडातील विख्यात वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी १६८३ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला, तो स्वतः अनेक वर्षे त्याने गांजल्यानंतर. म्हणूनच त्यातील वेदनेचे वर्णन आजही जिवंत वाटते. माझे पहिले दुखणे ओसरताच आमच्या आत्याने एका वाक्यात निकाल दिला. ती चाळीस वर्षे आमच्या घराचा स्वयंपाक सांभाळीत आली आहे. "उद्यापासून लिंबू, चिंच, आमसूल, काही म्हणता काही मिळायचे नाही," ती म्हणाली. वरणभात, तूप आणि लिंबू ही त्रयी ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याला हा वनवास किती कडक वाटला असेल हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको.

आत्याचा निवाडा निराधार होता असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातशोणितावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात सांगितलेल्या कारणांच्या मालिकेत आंबट रस आहे. तेथेच या रोगाला आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही म्हटले आहे. माझ्या बँकेच्या पुस्तकाकडे पाहता ते नाव मला कसे लागू पडावे, हे कोडे मला उलगडलेले नाही. शिवाय आंबटाचा आणि या रोगाचा संबंध नव्या विद्येनेही, नकळत का होईना, आपल्या मनात घट्ट बसविला आहे. ज्या पदार्थाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठून आग पेटवितात, त्याचे नावच युरिक ॲसिड. १७७६ मध्ये शेले या स्वीडिश रसायनज्ञाने तो मूतखड्यातून प्रथम ओळखला, आणि १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात तो वाजवीपेक्षा अधिक असतो हे दाखविले. ॲसिड म्हणजे आम्ल, आणि आम्ल म्हणजे आंबट. तेव्हा आंबट खाल्ले तर हे आम्ल वाढणारच, असा हिशेब कोणीही मांडील. आमच्या शेजारच्या पदवीधर गृहस्थांनीही तो मांडला, आणि आत्याचा पक्ष अधिकच बळावला.

गेल्या वर्षी प्रकरण गंभीर झाले. कंबरेत कळ आली, सोनोग्राफी झाली, आणि डाव्या मूत्रपिंडात एक लहान खडा दिसला. डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की हा खडा युरिक आम्लाचा असावा. आणि असे खडे इतरांइतके हट्टी नसतात, मूत्राचा आंबटपणा उतरविला तर ते विरघळूही शकतात. त्यांनी औषध दिले, दिवसाकाठी दोन लिटरांहून अधिक लघवी होईल इतके पाणी प्यावयास सांगितले, आणि कागदी पट्ट्यांची एक डबी हातात ठेवली. माझ्या वडिलांची मूत्रपिंडे खड्यांनीच निकामी होताना मी पाहिली होती. तेव्हा आता लिंबाचा प्रश्न हा जिभेच्या चोचल्याचा राहिला नव्हता.

त्या डबीमागचे गणित थोडक्यात असे. आंबटपणा मोजण्याची जी पी-एच नावाची मोजपट्टी आहे, तिच्यावर ७ म्हणजे समतोल. त्याखाली एकेक अंक उतरावा तसा आंबटपणा दसपटीने वाढतो. पी-एच ५ असलेल्या लिटरभर मूत्रात युरिक आम्ल सुमारे १५० मिलिग्रॅम विरघळून राहते. आकडा ७ वर गेला तर त्याच्या दसपट किंवा त्याहूनही अधिक. प्रौढ मनुष्याला दिवसाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिग्रॅम बाहेर टाकावे लागते. म्हणजे आंबट मूत्रात ते सामावतच नाही. तळाशी बसते, आणि त्याचा खडा होतो. त्यातून गाऊटच्या रोग्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांपैकी पुष्कळांची मूत्रपिंडे आम्लाला मारणारा अमोनिया पुरेसा करीत नाहीत, त्यामुळे इतरांचेच अन्न खाऊनही यांचे मूत्र अधिक आंबट असते. डॉक्टरांनी मला घालून दिलेली मर्यादा ६ ते ६॥ अशी आहे. तिच्या फार वर जाणेही बरे नाही, कारण मग दुसऱ्याच जातीचे, कॅल्शियम फॉस्फेटचे, खडे धरू लागतात.

मग हा आंबटपणा येतो कोठून? त्याचे उत्तर मला सशांच्या एका गोष्टीत सापडले. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ती आपल्या १८६५ च्या ग्रंथात सांगितली आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले गेले. गवत खाणाऱ्या प्राण्याचे मूत्र गढूळ आणि क्षारधर्मी असावयाचे. या सशांचे मात्र स्वच्छ आणि आम्लधर्मी होते, अगदी मांसभक्षक प्राण्यांसारखे. बर्नार यांनी ताडले की ते उपाशी असले पाहिजेत, आणि उपाशी प्राणी स्वतःचेच मांस पचवीत असतो. त्यांनी सशांना गवत दिले. मूत्र क्षारधर्मी झाले. उपाशी ठेवले, पुन्हा आम्लधर्मी. शेवटी त्यांनी सशांना उकडलेले गोमांस खाऊ घातले, आणि जोवर ते चालू होते तोवर मूत्र आम्लधर्मीच राहिले.

या गोष्टीत एकाही सशाने आंबट काही खाल्लेले नाही, हे ध्यानात घ्यावे. मांस, मासळी, अंडी यांच्या प्रथिनांत गंधक असते. शरीरात त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि मूत्रपिंडाच्या माथी येते. उलट फळांत आणि भाज्यांत जी सेंद्रिय आम्ले पोटॅशियमशी बांधलेली असतात, ती शरीरात जळून जातात आणि क्षार तेवढा मागे उरतो. हे मी आत्याला समजावीत असता तिने मधेच विचारले, "म्हणजे लाकूड जळून राख उरते तसे?" याहून नेमकी उपमा मला सुचली नसती. राखेने भांडी घासलेल्या पिढीला क्षार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

रेमर आणि मान्झ या जर्मन संशोधकांनी १९९५ मध्ये या राखेचा जमाखर्चच छापला. त्यात प्रत्येक पदार्थाच्या १०० ग्रॅमांपासून मूत्रपिंडावर किती आम्ल पडते याचे अंदाज आहेत: मांसाचे सुमारे ९॥, अंड्यांचे ८, पार्मेझान या मुरलेल्या चीजचे तब्बल ३४, दूध जवळजवळ तटस्थ, आणि शून्याच्या पलीकडे, म्हणजे क्षाराच्या बाजूला, बटाटा ४, केळे ५॥, पालक १४, मनुका २१. लिंबाचा रसही त्याच बाजूला आहे, पण अवघा २॥. म्हणजे सहा वर्षे ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तो आरोपी तर नव्हेच, पण फार मोठा उपकारकर्ताही नव्हे. लिंबू प्यायल्याने गाऊट बरा होतो असे सांगणारे लोक मला हल्ली भेटतात. त्यांच्याविषयी माझे मत आंबटबंदीवाल्यांहून फारसे निराळे नाही. पालकाची गोष्ट मात्र मनोरंजक आहे. त्यात प्युरिन असते म्हणून गाऊटवाल्यांना तो वर्ज्य सांगत. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मांस आणि मासळी यांनी गाऊट वाढलेला दिसला, प्युरिनयुक्त भाज्यांनी नाही.

पट्ट्यांनी मला जे शिकविले त्यातील सर्वांत अनपेक्षित धडा एकादशीचा होता. पहाटेचे मूत्र एरवीही आंबटच असते, जेवणानंतर ते थोडे निवळते. पण कडक उपवासाच्या दिवशी माझी पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत केशरीच राहिली. मला बर्नार यांचे ससे आठवले. "आत्या, निर्जळी एकादशी करणारा मनुष्य त्या दिवशी मांसाहारी असतो," मी म्हणालो. "काहीतरीच काय बोलतोस!" म्हणून तिने देवघराकडे पाहून हात जोडले, पण सशांची गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकली. उपाशीपणी चरबी जळून जी आम्ले रक्तात येतात, ती युरिक आम्लाच्या बाहेर पडण्याच्या वाटेतही आड येतात. लांबलेल्या उपवासानंतर सांधा उठतो तो यामुळे. पुढच्या एकादशीला तिने माझ्यापुढे रताळी, केळी आणि भरपूर पाणी ठेवले. स्वतः मात्र ती निर्जळीच राहिली. ते पुण्य तिला सोडवत नाही, आणि मलाही आग्रह करवला नाही.

मूत्र निवळले म्हणून गाऊट गेला असे नव्हे. जपानमध्ये निरोगी तरुणींना काही दिवस भाजीपाल्याचे आणि काही दिवस प्रथिनांचे अन्न देऊन पाहिले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, क्षारधर्मी मूत्रातून युरिक आम्ल अधिक बाहेर पडते असे दिसले. पण रक्तातील बहुतेक युरिक आम्ल शरीर स्वतःच घडविते. नुसत्या आहाराने त्याची पातळी थोडीच उतरते. ॲलोप्युरिनॉलची गोळी मी रोज घेतो आणि ती सोडण्याचा माझा विचार नाही. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत त्यांना तर हीच फळे आणि हेच पोटॅशियमचे क्षार घातक ठरू शकतात. तेव्हा माझी डबी पाहून कोणी आपले पथ्य ठरवू नये.

मागच्या महिन्यातील सोनोग्राफीत खडा पूर्वीच्या निम्म्याहून लहान झालेला दिसला. श्रेय बव्हंशी औषधाचे आणि पाण्याचे आहे, असे डॉक्टर म्हणाले. आत्या ते श्रेय दुधीभोपळ्याला देते. वरणावर लिंबू पुन्हा येऊ लागले आहे, फोडीने. चिंचेचा खटला अजून चालू आहे: तिच्यातील आम्ल टार्टारिक, त्याचा हिशेब लिंबासारखा सरळ नाही, आणि आत्याने तूर्त तारीख पुढची दिली आहे.