नोकरी देणाऱ्याचे नाव

लक्षणा शिकवताना 'गंगेवर गवळीवाडा' हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही; म्हणून 'गंगेच्या काठी' असा अर्थ घ्यावा लागतो. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. तिसऱ्या अटीचे वजन मला कळले ते मात्र वर्गात नव्हे, अमेरिकेतल्या निवडणूक देणग्यांच्या याद्या वाचताना.

२००८ साली बराक ओबामांच्या देणगीदारांची संस्थावार यादी निघाली, तीत अग्रभागी कॅलिफोर्निया विद्यापीठ होते. त्याच रांगेत गोल्डमन सॅक्स, हार्वर्ड, मायक्रोसॉफ्ट, गूगल. 'विद्यापीठाने ओबामांना पैसे दिले' या वाक्यात वाच्यार्थ कायद्यानेच बाधित आहे. १९०७ च्या टिलमन कायद्यापासून कंपन्यांना केंद्रीय उमेदवाराला थेट देणगी देता येत नाही, आणि हे तर सरकारी विद्यापीठ. पैसे दिले ते तिथल्या प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी, कारकुनांनी, आपापल्या खिशातून. एका उमेदवाराला २०० डॉलरांहून अधिक दिले की नाव-पत्त्याबरोबर व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचे नावही नोंदवावे लागते. मालकाने नोकरांच्या हातून पैसा वळवला तर निदान तो दिसावा, हा त्या रकान्याचा उपयोग. प्रयोजन रास्तच.

पण रकाना उलट दिशेनेही वाचता येतो. ब्रेंडन आइक यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील समलिंगी विवाहबंदीच्या प्रस्तावाला १००० डॉलर दिले. नावापुढे 'मोझिला' होते. मार्च २०१४ मध्ये ते मोझिलाचे प्रमुख झाले आणि ३ एप्रिलला त्यांनी पद सोडले. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नव्हते. त्या प्रस्तावाबद्दलचे माझे मत आजही बदललेले नाही. नावे उघड असावीत, हेही माझे मत कायम आहे. आपल्याकडे २०१८ पासून निवडणूक रोख्यांनी देणाऱ्याचे नावच झाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले, तेव्हा मी इथून मित्रांना फोन केले.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर मला मत नव्हते, पण देणगी देता येत होती. (कायद्याची ही गंमत मी अजून कोणाला पटेल अशी समजावू शकलेलो नाही.) २५० डॉलर दिले, रकान्यात माझ्या विद्यापीठाचे नाव लिहिले. काही महिन्यांनी हौसेने यादीत स्वतःला शोधले, आणि मग नुसतेच विद्यापीठाचे नाव टाकून रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. पहिल्या हिवाळ्यात ज्या ज्येष्ठ बाईंनी मला स्वतःच्या गाडीतून फिरवून घर मिळवून दिले होते, त्यांचे नाव पलीकडच्या उमेदवारापुढे होते. पुढच्या निवडणुकीतही.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत त्या एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसाठी भांडत होत्या. मी त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो उमेदवार शोधत होतो. मुख्यार्थाला कसलाही बाध नव्हता; लक्षणा मीच लादत होतो.

माझे नाव त्यांनी कधी शोधले का, हे मी विचारले नाही. त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या जेवणाला मी परगावी असल्याचे कळवले. परगावी नव्हतो.