कुलूप आतल्या बाजूने

मंडळी, आमच्या धंद्यात एक जुनी समजूत आहे: मशीन ज्याच्या ताब्यात, त्यातलं सगळं त्याचं. ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीचा कोपरा न् कोपरा दिसतो आणि ती मालकाचं ऐकते. मग दुसऱ्याच्या मशीनवर आपलं गुपित ठेवायचं कसं?

हाच प्रश्न मला खांदेश्वरला शेजारच्या काकूंनी विचारला, अर्थात त्यांच्या भाषेत. "अरे, सिमकार्ड घेताना अंगठा दिला मी. तो दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो का रे?" म्हटलं, "काकू, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत!"

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना २९ सप्टेंबर २०१० रोजी मिळाला. पुढे यूआयडीएआयने अंगठा घेणाऱ्या यंत्रांच्या दोन पातळ्या ठरवल्या. एल-० मध्ये ठशाचं एन्क्रिप्शन आणि त्यावरची डिजिटल सही यजमान कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. म्हणजे त्या मशीनमध्ये कुणी घुसला, तर जुना ठसा मध्येच सरकवायला वाव राहतो. एल-१ मध्ये हेच काम हार्डवेअरने वेगळ्या काढलेल्या सुरक्षित कप्प्यात होतं. किल्ली तिथेच राहते. दुकानदाराच्या हाती पडतो तो फक्त बंद लिफाफा.

तुमच्या मोबाईलमध्येही असा कप्पा बहुधा आहेच. आर्मच्या ट्रस्टझोनमध्ये एकाच प्रोसेसरची दोन जगं असतात, आणि नेहमीच्या जगातल्या अँड्रॉइडला सुरक्षित जगाची मेमरी वाचता येत नाही. इंटेलने २०१५ मध्ये एसजीएक्स आणलं. त्यात प्रोग्रामचा तुकडा एन्क्रिप्ट केलेल्या मेमरीत चालतो आणि 'आत हाच कोड चालू आहे' असा दाखला खुद्द चिप देते.

झकास ना? पण थांबा. २०१८ मध्ये संशोधकांनी 'फोरशॅडो' हल्ल्याने एसजीएक्समधल्या दाखल्याच्या किल्ल्याच बाहेर काढून दाखवल्या. कुलूप आतून असलं तरी भिंत कुणीतरी बांधलेलीच असते. आपला विश्वास दुकानदाराकडून उठून चिप बनवणाऱ्याकडे गेला, एवढंच.

दुसरं म्हणजे, कप्पा सांगतो की सेन्सरनंतर कुणी ढवळाढवळ केली नाही. सेन्सरवर टेकलेला अंगठा हाडामासाचा की सिलिकॉनचा, हे ओळखणं वेगळं काम. त्यासाठी यूआयडीएआयने २०२३ मध्ये ठशाच्या रेषांबरोबर प्रतिमाही तपासायला सुरुवात केली. आणि भांडी घासून, शेतात राबून ज्यांच्या रेषाच पुसल्या गेल्यात, त्यांच्यापुढे तर कितीही भारी चिप हतबल!

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा नाही. म्हणून या वीकेंडला एक काम करा. आधारच्या साइटवर बायोमेट्रिक लॉकची सोय आहे. घरातल्या मोठ्यांना विचारून, लागेल तेव्हा उघडायचं कसं तेही शिकवून, ते लावून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.