रायपूर, एल-४ आणि एल-५
पिठ्ठू वाहून झिजलेली कंबर घेऊन रायपूरला आलो. २०१२ पासून इथं एम्स आहे, त्यामुळे नागपूर गाठावं लागलं नाही. एल-४ मणका एल-५ वरून पुढं सरकलाय, नस दबलीय. डाव्या पायाचा अंगठा वर उचलत नाही. नुसती झीज असती तर व्यायामावर भागलं असतं.

फ्युजन म्हणजे दोन मणके स्क्रू-सळईनं धरायचे, हाडाचे तुकडे भरायचे. जुळायला महिनोन्‌महिने, तो सांधा कायमचा बंद. पायातली कळ बहुधा जाईल, कंबरदुखीची हमी नाही. शेजारच्या मणक्यावर भार वाढतो तो वेगळाच. (बिडीवाल्यांनो, धुरानं हाड नीट जुळत नाही.)

मला कॅटेगरीची चिंता, पेन्शनला चौदा महिने उरलेत. सौ. विचारते, "मांडी घालून जेवता येईल ना?"

तारीख घेतली आहे.