आवाजाची साक्ष

संगणक कक्षातील खिडकीलगतचा जुना डेस्कटॉप अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या मुलांनी सुट्टीत घरी जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी होत्या. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास आले, त्या दिवसाविषयी वडिलांकडून ऐकलेले एका आजोबांनी सांगितले होते. दौंडच्या रेल्वेत हयात घालवलेले एक गृहस्थ कोळशाच्या इंजिनांविषयी बोलले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत कसे सोडले, हे एका आजींनी सांगितले होते. आपल्या माणसांचा इतिहास सरकारी दप्तरांत थोडाच सापडतो, आणि सापडला तरी दुसऱ्यांच्या शब्दांत. या मुद्रणांच्या नकला करण्याचे काम निम्मे झाले असतानाच संगणकातून खरखर ऐकू येऊ लागली.

मते पुष्कळ आली. कोणी म्हणाले, आत पाल शिरली असेल. कोणाला स्पीकरचा संशय होता. एका दुरुस्तीवाल्याने तर फोनवरूनच 'पेटीच बदला' असा निकाल दिला. केवळ ऐकीव आहे किंवा कोणी अधिकारी व्यक्ती सांगते म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. नववीच्या मुलांना मी तेवढेच सांगितले आणि आम्ही शोधाला लागलो.

प्रथम स्पीकरची वायर काढली, खरखर तशीच. मग पेटीचे एका बाजूचे झाकण उघडले आणि जाड कागदाची पुंगळी कानाला लावून, आत कशालाही स्पर्श न करता, एकेका भागाजवळ ऐकले. प्रोसेसरवरच्या पंख्यापाशी आवाज सर्वांत मोठा होता. वीज बंद करून, प्लग काढून पाहिले, तर पात्यांवर धुळीसोबत काळी काजळी चिकटलेली. आपल्या ऊसपट्ट्यात पाचट पेटवले की ती घरोघरी उडते. संगणकाने तरी अपवाद का असावे? पाती बोटाने धरून मऊ ब्रशने पंखा साफ केला, आसाला तेलाचा एक थेंब दिला. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र उघडू दिली नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

खरखर थांबली, तेव्हा तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज उघडा पडला. टक्, टक्, मग क्षणभर शांतता, पुन्हा टक्. हा हार्ड डिस्कचा होता. अशा डिस्कमधील तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांना न टेकता अत्यल्प अंतरावर तरंगत असते. त्याला खुणा सापडेनाशा झाल्या की ते मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते. तोच हा टक्. तबकडी अशीच फिरत राहिली तर उरलेलेही खरवडले जाण्याचा धोका असतो. संगणक तत्काळ बंद केला. साक्षीदार मरणोन्मुख असेल तर कारणमीमांसा नंतर, जबानी आधी. इतिहासाच्या अभ्यासकाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. जे सहज वाचता येते ते आधी उतरवायचे, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जायचे आणि शेवटी त्यांच्याकडे वळायचे, हा त्याचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. दोन रात्री तो जागला. तीन मुद्रणे मात्र आली नाहीत.

त्यांपैकी दोघांकडे मुले पुन्हा गेली. दोघांनी पुन्हा सांगितले. एकाने तर पहिल्यापेक्षा अधिक. तिसऱ्या म्हणजे नदीत देव सोडणाऱ्या त्या आजी. त्या तोवर गेल्या होत्या. त्यांच्या नातीला जे आठवले ते आम्ही नोंदवले आहे, पण नातीची साक्ष म्हणून. आजींच्या नावापुढची जागा वहीत कोरीच आहे. ते मुद्रण तेव्हा वर्गातल्या काही मुलींनी आपापल्या मोबाइलवर घेतले होते, असे ऐकतो. कोणाच्या जुन्या मेमरी कार्डात ते असेल, तर कृपया शाळेत आणून द्यावे. कार्ड आधी चालवून पाहू नये, तसेच आणावे.