विरारहून परळास : एका अल्पायुषी औषधाच्या भेटीला

विरार ते चर्चगेट हा साठ किलोमीटरांचा लोहमार्ग आमच्या वसई तालुक्याची जीवनवाहिनी होय. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे दिवसाकांठीं एकच गाडी सुटूं लागली. आज गाड्यांस गणती नाहीं आणि गर्दीसही नाहीं. पहांटेच्या गाडींत मोगऱ्याच्या व सोनचाफ्याच्या करंड्या दादरच्या फुलबाजारास निघालेल्या असतात. फूल उन्हें चढतांच कोमेजूं लागतें, म्हणून बागाईतदार आपली गाडी चुकूं देत नाहीं. या फुलांहूनही अल्पायुषी अशा एका औषधासाठीं गेल्या पौषांत आम्हांस याच गाडीनें परळास जावें लागलें. त्याची हकीकत वाचकांस, विशेषतः घरांतील वडील स्त्रियांस, सांगणें अगत्याचें वाटतें.

आमच्या थोरल्या वहिनी आगाशीस आमच्याच घरीं असतात. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या स्तनांतील गांठीवर शस्त्रक्रिया झाली होती. रोगानें अन्यत्र कोठें मूळ धरलें आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं डॉक्टरांनीं पेट स्कॅन करावयास सांगितलें. वहिनींनीं आज-उद्यां करीत दोन महिने लोटले. शेवटीं एके दिवशीं मनांतली गोष्ट बोलल्या, "भावोजी, तें किरणांचें औषध अंगांत घेतल्यावर मीं नातवाला जवळ कसें घ्यावें? आणि तें अंगांतच राहिलें तर?" आमच्या पालघर जिल्ह्यांत तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून आहे, तरी किरणोत्सर्ग हा शब्द कानीं पडतांच भल्याभल्यांची छाती धडधडते. मग वहिनींस दोष काय द्यावा?

आमचा एक जुना विद्यार्थी रसायनशास्त्र शिकून याच कामांत पडला आहे. त्याजकडून जें समजलें, तें आम्ही गाडींत वहिनींस सांगत होतों. कर्करोगाच्या बहुतेक पेशी निरोगी पेशींहून पुष्कळ अधिक साखर ओढून घेतात. साखरेच्या रेणूंतील एक लहानसा गट काढून तेथें किरणोत्सर्गी फ्ल्युओरिन-१८ बसविला, म्हणजे पेशी फसून तो रेणू आंत घेते. परंतु तिला तो पचवितां येत नाहीं. तो तेथेंच अडकून पडतो आणि आपला ठावठिकाणा किरणांच्या द्वारें यंत्रास कळवितो. किरणोत्सर्गी अणूंकडून असा माग काढण्याची युक्ति हंगेरीचे जॉर्ज हेव्हेशी यांची. तिजबद्दल त्यांस १९४३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

अडचण आहे ती काळाची. फ्ल्युओरिन-१८ दर एकशें दहा मिनिटांनीं निम्में होतें. आमच्या आगाशीस राजेळी केळीं उन्हांत वाळवून सुकेळीं करितात. तीं महिनेचे महिने टिकतात. या औषधाचें सुकेळें करितां येत नाहीं. सकाळीं सहास शंभर भाग असलें, तर आठास दहा मिनिटें कमी असतां पन्नास, आणि साडेअकरास जेमतेम साडेबारा! १९७६ सालीं हें औषध मनुष्यास प्रथम देण्यांत आलें, तेव्हां तें ब्रुकहेव्हन येथें तयार करून विमानानें फिलाडेल्फियास न्यावें लागलें. म्हणून औषध करणारें यंत्र रुग्णालयाच्या जवळ असलेलें बरें. भारतांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं परळच्या विकिरण वैद्यक केंद्रांत बसलें, त्याचें मर्म हेंच.

इतक्या घाईंत औषध शुद्ध कसें करावयाचें? गाडी नालासोपाऱ्यास थांबली होती. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. आणि शूर्प म्हणजे आपलें सूप. वहिनींचा जन्म सूप पाखडण्यांत गेलेला. त्यांस हा दृष्टांत तत्काळ पटला. सायक्लोट्रॉनमधून फ्ल्युओरिन पाण्यांत मिसळून येतें. तें पाणी राळेच्या बारीक कणांनीं भरलेल्या नळींतून सोडतात. फ्ल्युओरिन राळेस चिकटून राहतें, पाणी निघून जातें. पुढें तें राळेवरून सोडवून साखरेच्या घटकास जोडतात आणि पुन्हां तशाच नळ्यांतून गाळून निर्मळ करितात. हें सर्व शिशाच्या जाड भिंतींआड यंत्रच करितें. घन कणांवर रेणू बांधून रसायनें घडविण्याची रीत अमेरिकेंत ब्रूस मेरिफील्ड यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केली. २००७ सालीं इंग्लंडांतील रसायनज्ञांनीं तीच या औषधास लावून दाखविली. साखरेचा घटकच राळेस बांधून ठेवावयाचा. फ्ल्युओरिन येऊन ज्या रेणूस भिडेल तेवढाच सुटून बाहेर पडतो, न भिडलेला माल राळेवरच राहतो. येथें सूपच दाणा घडवितें आणि सूपच तो निवडतें!

नायगांव मागें पडलें आणि खाडीकांठचीं मिठागरें दिसूं लागलीं. मिठाच्या पाण्याचाही या शास्त्रांत मोठा उपयोग आहे. हाडांच्या व हृदयाच्या तपासणीस लागणारें टेक्नेशियम सहा तासांत निम्में होतें. त्याचा जनक मॉलिब्डेनम ॲल्युमिनाच्या कणांवर बसवून रुग्णालयास पाठवितात. रोज सकाळीं त्यावरून मिठाचें निर्जंतुक पाणी सोडलें, कीं मॉलिब्डेनम जागींच राहतो आणि नवें टेक्नेशियम पाण्याबरोबर उतरतें. या उपकरणास तेथील लोक विनोदानें गाय म्हणतात. तें ऐकून वहिनी त्या दिवशीं प्रथमच हंसल्या.

परळच्या रुग्णालयांत त्यांस दहा वाजतां औषध टोचलें. तासभर स्वस्थ पडून राहावयाचें, मग अर्ध्या तासांत चित्र. नातवाचा प्रश्न त्यांनीं तेथील डॉक्टरीणबाईंस स्वतःच विचारला. बाई म्हणाल्या, "आजी, आज दिवसभर पाणी पुष्कळ प्या, आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना जवळ घेऊं नका. उद्यां सकाळीं नातवाला खुशाल मांडीवर घ्या." आम्हीं तेथेंच हिशेब केला. रात्रीं नऊपर्यंत अकरा तास, म्हणजे सहा वेळां निम्में. उरतो चौसष्टावा भाग, आणि त्यांतूनही कांहीं लघवीवाटे आधींच गेलेला.

चित्रांत बगलेंतील एका ग्रंथींत साखर अधिक सांचलेली दिसली. हातांना लागण्याइतकी ती गांठ अजून मोठी नव्हती. उपचार त्याच आठवड्यांत सुरू झाले, आणि ते चालू आहेत. फळ काय येईल तें आज सांगतां येत नाहीं. परंतु शत्रु कोठें दडला आहे, हें तरी कळलें.

आपल्या घरांतून स्त्रिया दुखणीं अंगावर काढतात, आणि विशेषतः अशा अवयवाचें दुखणें असेल तर लाजेनें बोलत नाहींत. त्यांत किरणांची भीति मिळाली, कीं महिन्यांवर महिने जातात. ज्या औषधाची भीति वाटते, तें दोन तासांत निम्में होऊन जातें. रोग मात्र निम्मा होत नाहीं. त्यास दिलेला प्रत्येक महिना तो आपल्या वाढीस लावतो. घरांतील कर्त्या पुरुषांनीं हें ध्यानांत ठेवून, डॉक्टरांनीं तपासणी सांगितली असतां, घरच्या माउलीस घेऊन वेळेवर गाडी गांठावी.