३३८ ग्रॅम

आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल वजनकाटा आहे. वर्षातले अकरा महिने तो कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेला असतो. नाताळ जवळ आला की मम्मी तो खाली काढते, कारण केकचं सामान ती कधीच अंदाजाने घेत नाही. गेल्या वर्षी मात्र तो ऑगस्टमध्येच खाली आला. मी त्यावर माझी टेनिसची रॅकेट आडवी, तोल सांभाळत ठेवली. आकडा आला ३३८.

उचलून परत ठेवली. परत ३३८. रॅकेटवर तर ३१५ छापलेलं! मग लक्षात आलं, छापलेला आकडा गटिंग न केलेल्या रॅकेटचा असतो. तारांचे सोळाएक ग्रॅम, मुठीवर वरून गुंडाळलेल्या ग्रिपचे पाच आणि तारांत अडकवलेल्या रबरी डॅम्पनरचे दोन. म्हणजे तीन वर्षं मी जे हातात धरून पळत होते, त्याचं खरं वजन मला माहीतच नव्हतं.

ही रॅकेट पप्पांनी मस्कतहून आणली होती, माझ्या अठराव्या वाढदिवसाला. लहानपणी बेळगावात कॅम्पातल्या एका कोर्टावर ते मोठ्या लोकांना चेंडू उचलून द्यायचे. खेळ संपला की बक्षीस म्हणून कुणाची तरी जुनी लाकडी रॅकेट दहा मिनिटं हातात मिळायची. १९९६ साली ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने ब्राँझ जिंकलं, तेव्हा पप्पा कॉलेजात होते. पेस घराणं मूळचं गोव्याचं, म्हणजे आपल्यातलंच, हा त्यांचा हिशोब. दुसरा देव पीट सॅम्प्रस. सॅम्प्रस आपल्या रॅकेटला शिशाची पट्टी लावून ती ४०० ग्रॅमच्या आसपास न्यायचा, हे मी पप्पांकडून इतक्या वेळा ऐकलंय की रोझरीसारखं पाठ आहे. जड रॅकेट म्हणजे खरा खेळाडू आणि हलकी म्हणजे हौशी, एवढं त्यांचं साधं शास्त्र.

मराठीत माणसाच्या शब्दालाही वजन असतं. पप्पांच्या शब्दाला आमच्या घरात जरा जास्तच, कारण तो वर्षातून एकच महिना समोर बसून ऐकायला मिळतो. त्यामुळे रॅकेट जड आहे, असं म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटायचं, मीच कमी पडतेय.

खरं सांगायचं तर पहिला सेट मस्त जायचा. जड रॅकेट हलत नाही. समोरून जोराचा बॉल आला तरी तिच्या वजनानेच परत जातो. गोची व्हायची ती पुढे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पहिला सेट ६-३ जिंकला आणि पुढचे दोन ३-६, २-६ हरले. कोर्टाबाहेर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसले होते, तेव्हा सर शेजारी येऊन बसले.

“पहिल्या सेटला बॉल तुझ्या पुढं लागायलाता,” ते म्हणाले. “तिसऱ्याला अंगाजवळ यायलाय, तरी रॅकेट मागंच. मग मनगटानं झटका मारायलीस. दमलीस ते दिसतंय की. पण कशानं दमलीस ते बघ. आधी ती रॅकेट वजन करून आण.”

म्हणून तो काटा ऑगस्टमध्ये खाली आला.

आता कुणालाही वाटेल, सोपं आहे, हलकी घ्या. मलाही वाटलं. मैत्रिणीची २६० ग्रॅमची रॅकेट आठवडाभर मागून आणली. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग! हात पंख्यासारखा फिरत होता. पण टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, आणि तो वेगाने येऊन आदळला की हलकी रॅकेट मागे ढकलली जाते, मुठीत फिरते. ती फिरू नये म्हणून आपण मूठ आवळतो. उरलेला धक्का जातो थेट कोपरात. चौथ्या दिवशी मला पाण्याची बाटली उघडताना कळ आली. जड रॅकेटने खांदा धरायचा, हलकीने कोपर. म्हणजे “हलकी ती हाताला सोपी” हेसुद्धा पप्पांच्या शास्त्राइतकंच अर्धवट निघालं.

तिसरी गोष्ट सरांनी हातोडी देऊन शिकवली. हातोडी दांड्याकडून धरून फिरव, मग उलटी, लोखंडाकडून धरून फिरव. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती हातात खेळणं होते. रॅकेटचंही तसंच. प्रश्न नुसता किती ग्रॅम हा नसतो, ते ग्रॅम कुठे बसलेत हाही असतो. डोक्याकडे लावलेला एक ग्रॅम फिरवताना चांगलाच जाणवतो, मुठीजवळचा जवळजवळ कळतही नाही. घरी बघायचं असेल तर रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवा आणि ती कुठे तोलून राहते ते मुठीच्या टोकापासून मोजा. नेहमीची रॅकेट २७ इंच, म्हणजे साडेअडुसष्ट सेंटिमीटर लांब असते, म्हणून मध्य सव्वाचौतीसवर. तोल त्याच्या अलीकडे आला तर डोकं हलकं, पलीकडे गेला तर डोकं जड. माझी साडेबत्तीसवर तोलली. डोकं हलकं असूनही ती मला उशीर करायला लावत होती, कारण मुळात एकूण वजनच माझ्या ताकदीच्या पुढचं होतं.

मग सरांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. दमल्यावरही वेळेवर पुढे आणता येईल अशी जी सगळ्यात जड रॅकेट, ती आपली. दुकानात हवेत दोन हात मारून हे कळत नाही, तिथे सगळ्याच छान वाटतात. मागून आणा आणि चार-पाच दिवस खेळा. निर्णय पहिल्या तासावर नको, दुसऱ्या तासाच्या शेवटी वीस सर्व्हिस मारा आणि किती आत पडतात ते मोजा. आणि दोन रॅकेटींमध्ये अडलात तर हलकी घ्या, कारण रॅकेटचं वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. शिशाची पट्टी चिकटवली की झालं. पण फ्रेममधले वीस ग्रॅम कुणी खरवडून काढून देत नाही.

एका सीनियरची वापरलेली २८५ ग्रॅमची रॅकेट मी ट्यूशनच्या पैशांतून घेतली. गटिंग, ग्रिप आणि चार ग्रॅम शिसं धरून ती ३१० भरली. सप्टेंबरभर खेळले. दुसऱ्या तासाच्या शेवटी वीसपैकी तेरा सर्व्हिस आत. जुन्या रॅकेटने आठ पडायच्या.

राहिला प्रश्न पप्पांना सांगायचा. रविवारी मिस्सा झाली की त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तीन रविवार मी रॅकेट कॅमेऱ्याबाहेर ठेवली. चौथ्या रविवारी मम्मीच म्हणाली, “सांगून टाक. खोटं बोलण्यापेक्षा बरं.” मी सांगितलं. आकडे सांगितले, कोपराचं सांगितलं, हातोडीचंही सांगितलं. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, “तीन वर्षं बोलली का नाहीस गो बाय?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नीटसं नाही.

डिसेंबरला ते आले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोर्टावर गेलो. त्यांनी मुद्दाम जुनी रॅकेट घेतली. पहिले दोन-चार फोरहँड असे मारले की मी बघतच राहिले. लाकडी रॅकेटीवर शिकलेला सरळ, लांब हात. बारा-पंधरा मिनिटांनी बॉल त्यांच्या अंगाजवळ यायला लागला. विसाव्या मिनिटाला ते बाकावर बसले, खांदा चोळत. मी काही बोलले नाही. त्यांनीच हात पुढे केला. “तुझी दे बघू.” उभं राहून हवेत दोनदा फिरवली आणि परत दिली. “हं,” म्हणाले.

जानेवारीत परत जाताना त्यांची बॅग भरत होती. विमानाला तीस किलो. केकचा तोच काटा खोलीत आला, कारण मोठ्या काट्यावर बॅग काठोकाठ भरली होती. पप्पांनी बॅगेतून कुंद्याचा अर्धा किलोचा डबा बाहेर काढला आणि त्या जागी जुनी रॅकेट आत सरकवली. तिथे ऑफिसच्या बाजूला कोर्ट आहे म्हणे. मम्मी चिडली. “कुंदा ठेवून रॅकेट नेणारे तुम्हीच.”

“अर्धा किलो काढला, ३३८ ग्रॅम घातले,” पप्पा म्हणाले. “उलट वजन कमीच झालं.”

तो कुंदा आम्ही दोघींनी आठवडाभर पुरवून खाल्ला.